वरचं खाली येईना

बसवकल्याणला मी ज्या घरात भाड्यानं राहिले, त्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. मोडली होती म्हणून नव्हे. घरमालकांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक काढली होती. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, खोल्यांची, न्हाणीघराची आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून कपाटांचीसुद्धा. रात्री पुढचं दार नुसतं लोटायचं आणि आतून एक वीट टेकवायची. तीही चोरासाठी नाही, वाऱ्यासाठी. पहाटे गल्लीतलं एक तांबडं कुत्रं ती वीट सरकवून आत यायचं आणि माझ्या चपलांवर खुशाल झोपायचं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, तुरीच्या काटकीसारखे वाळके गृहस्थ. बाकीचे लोक खिशाला पेन लावतात, यांच्या खिशाला टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर. भाजीवाल्याशी कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत, आणि भांडण मात्र नेहमी दख्खनीत. खांबावर चढलेल्या वायरमनला खालून ओरडायचे, "हल्लू खींचो मियाँ, तार है, बैल नहीं!" रोज सकाळी दात घासून झाले की फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे आणि साऱ्या घराला ऐकू जाईल असं सांगायचे, "टोन हाय." फोन कुणाला लावायचा नसे. टोन आहे एवढं कळलं की दिवस सुरू.

मी उदगीरकडची. बसवकल्याणच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला म्हणून आलेली. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की लोक आधी नवऱ्याची चौकशी करायचे, मग जातीची, मग मटण खाता का म्हणून. अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बाई, आंघोळीला लई येळ लागतो का तुम्हाला?"

मी उठूनच जाणार होते. हा काय प्रश्न झाला? पण उन्हं डोक्यावर आली होती, पायांचे तुकडे पडले होते आणि खोली हवेशीर होती. "नाही लागत," असं तुटकपणे सांगून मी राहिले.

त्या प्रश्नाचा अर्थ दुसऱ्याच सकाळी कळला. न्हाणीघराच्या बाहेर एक खिळा होता. आत जाणाऱ्यानं त्यावर टॉवेल टांगायचा, म्हणजे आत माणूस आहे हे कळतं. इथवर ठीक. पण आत गेल्यावर गप्प राहायचं नाही, हा त्या घरातला दुसरा नियम. तांब्या वाजवा, गाणं म्हणा, खोका, काहीही करा. जरा शांत झालं की अंगणाच्या पार पलीकडून, पाण्याच्या टाकीपाशी पाठ करून उभे असलेले अण्णा हाक मारायचे, "बाई, हाव का आत?" मग मी चरफडत बादलीवर मग आपटायची. माझी आई चार दिवस राहायला आली, तेव्हा तिनं एकदाच आंघोळ केली आणि तीही मला दारात पहारेकरी बसवून. जाताना म्हणाली, "हा माणूस एक तर खुळा आहे, नाहीतर वाईट."

वाईट नव्हते, एवढं मला कळलं होतं. वाईट माणूस पाठ करून उभा राहत नाही.

तरी मी माझ्या खोलीला एक कडी बसवून घेतलीच. सुतार आणला, पितळी कडी आणली. संध्याकाळी क्लासातून परत आले तर दाराला चार भोकं. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे, हातात कागदाची पुडी. पुडीत कडी आणि तिचे सगळे स्क्रू, पुसून स्वच्छ केलेले. "तुमची वस्तू हाय, तुम्ही ठिवा," ते म्हणाले. "पर दाराला नगं. घरात मानसंच हायेत ना? मानसाला कामून कडी?"

मी भांडले. ते ऐकून घेत उभे राहिले आणि शेवटी, "होगली बिडु, जाऊ द्या," असं स्वतःलाच सांगितल्यासारखं पुटपुटत निघून गेले.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे त्यांच्यासमोर 'उद्या' म्हणायची सोय नव्हती. नळ गळतोय म्हटलं की जेवणाच्या ताटावरून उठायचे. इलेक्ट्रिशियन सायकलवर टांग टाकून "उद्या येतो अण्णा" म्हणाला, तर त्याच्या सायकलचं कॅरिअर धरून त्याला मागं ओढला होता. "उद्या म्हनायचं आसंल तर येऊच नगंस." मी एकदा सहज म्हणाले, उद्या रविवार, क्लासला सुट्टी. त्यांनी असं तोंड केलं की जणू मी शिवी दिली. पुढं पुढं मी "शनिवार झाला की सुट्टी" असं म्हणू लागले. संगतीचा गुण, दुसरं काय.

शेवटी एकदा वैतागून मी शेजारच्या अक्कांपाशी गाऱ्हाणं घातलं. कानडी बाई, पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायच्या. त्या शेंगदाणे निवडत होत्या. हात थांबवला. "तुला कुनी सांगितलंच न्हाई व्हय गं?"

मग त्यांनी सांगितलं. त्या न्हाणीघरात गॅसवरचा गीझर बसवला होता. वारा यायला झरोका नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी अण्णांची बायको आत गेली आणि गॅस कोंडून आतच चक्कर येऊन पडली. कडी आतून लागलेली. अण्णांनी हाका मारल्या, दार हलवलं. दार नवं, सागवानी. अण्णांनी ते फोडलं नाही. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला होत्या, त्यांचे स्क्रू काढत बसले. एकेक स्क्रू काढून खाली ठेवला. दार उतरवलं तेव्हा उशीर झाला होता.

"मुलगा डुटीवरनं आला," अक्का म्हणाल्या, "तर हे मानूस दाराशेजारी बसलेलं आन् स्क्रू वळीनं मांडलेले. पोरगं म्हनालं, दार मोडता आलं न्हाई का तुम्हाला? त्या दिसापासनं बाप-लेक बोलंनात."

मी घरी आले. न्हाणीघराच्या चौकटीवर बोट फिरवून बघितलं, पुट्टीनं बुजवलेली भोकं हाताला लागली. त्या दिवसापासून मी आत गेले की न सांगता गाणं म्हणू लागले. माझा आवाज भसाडा आहे, पण अण्णांनी कधी तक्रार केली नाही.

हा मुलगा वरच्या मजल्यावर राहायचा. हुमनाबादकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होता, सकाळच्या बसनं जायचा, दिवेलागणीला यायचा. वर त्याची बायको, लहान मुलगी आणि वेगळी चूल. बाप-लेकांचं जे काही बोलणं, ते सुनेच्या तोंडून व्हायचं. बाई मोठी समंजस. खालचा निरोप वर नेताना त्यातले काटे काढून न्यायची.

मुलानं नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना खाली आला होता, तोही सुनेच्याच हातून. अण्णांना त्या यंत्राचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं, पण तार ठाऊक होती. त्यांनी झरोक्यातून एक केबल वर सोडली, टोकं स्वतः दाबून बसवली आणि दोन्ही यंत्रं जोडली. कशासाठी जोडली, ते तेव्हा त्यांनी सांगितलं नाही. जोडलेली असावीत, एवढंच त्यांना बरं वाटत असावं.

मुलाला पुण्यात नोकरी लागली, बिऱ्हाड हलवायचं ठरलं, त्या आठवड्यात अण्णा माझ्या खोलीच्या दारात आले. आत यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचे.

"बाई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या. जरा बघा की. वरचं खाली येईना झालंय."

"काय येईना?"

"पोरानं मोबाईलवर हिचं शूटिंग केलतं. बोलतीया म्हनं त्यात. त्याच्या यंत्रात हाय ते. सून म्हनाली, शेअर केलंय, घ्या. तर घ्यायला गेलं की घेऊ दीना." मग खिशातल्या टेस्टरशी चाळा करत म्हणाले, "जल्मभर लोकांचे आवाज लोकांना जोडून दिले मी. हिचा तेवढा माझ्याकडं न्हाई. फोटू हाय. फोटू काय बोलतोय?"

बिऱ्हाडाबरोबर ते यंत्रही पुण्याला जाणार होतं आणि त्याबरोबर त्या बाईचा आवाज.

मी बसले. आधी दिसलं की दोन्ही यंत्रांना वर्कग्रुपची नावं वेगवेगळी. एक घर, पण कागदोपत्री दोन बिऱ्हाडं. मी नाव सारखं केलं. अण्णांनी तेवढ्यात केबल बदलली. मग खालच्या यंत्राची फायरवॉल आड येत होती, तिला वाट करून दिली. अण्णांनी पुन्हा केबल बदलली. "बिघाड तारेतच आसतोय बाई," ते ठासून सांगायचे. "मी इतकी वर्सं बघितलंय. मानसं उगाच मशीनला दोष देतेत." मी म्हणाले, तार चांगली आहे, वरच्या यंत्राचं नाव इथं दिसतंय बघा. त्यांनी चष्मा लावून ते नाव बराच वेळ बघितलं. क्लिक केलं की मात्र तीच पाटी यायची. आत येता येणार नाही, या खात्यावर निर्बंध आहे.

म्हणून मी वर गेले. त्या घराचा जिना मी पहिल्यांदाच चढत होते. मुलगा सामानाला दोऱ्या बांधत होता, त्यानं मानेनंच कॉम्प्युटर दाखवला. मी बसले आणि माझं लक्ष दाराकडं गेलं. वरच्या दारांनाही कड्या नव्हत्या. न्हाणीघराबाहेर खिळा होता आणि त्यावर टॉवेल. इतकी वर्षं एकमेकांशी न बोलणारी ही दोन माणसं, खाली आणि वर, सारख्याच खिळ्याला टॉवेल अडकवत होती.

यंत्रालाही पासवर्ड नव्हता. बटण दाबलं की उघडलं. आणि नेमका तिथंच घोळ होता. त्या सिस्टिमचा नियमच असा की ज्या खात्याला पासवर्ड नाही, ते समोर बसणाऱ्याला उघडेल, पण तारेवरून येणाऱ्याला मुळीच आत घेणार नाही. कुलूप नाही म्हणून दार बंद. मी दोनदा तपासून बघितलं आणि मग डोक्याला हात लावला.

"पासवर्ड घालावा लागेल," मी मुलाला सांगितलं.

तो दोरी आवळत होता. "खाली इचारा. ह्या घरात कडी लावायची तर त्यांची परवानगी लागती."

खाली आले, तर अण्णा ऐकून एकच शब्द बोलले. "न्हाई."

"अहो अण्णा, ही काय खरी कडी आहे?"

"आतनं लागती ना? बाहेरच्याला उघडता येत न्हाई ना? मग कडीच की."

मी म्हटलं, दुसरी एक वाट आहे. गेस्ट नावाचं खातं असतं, पाहुण्यासाठी. ते चालू करू, पासवर्ड लागणार नाही. अण्णा हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा बघितलं. "माझ्याच घरात पाव्हणा म्हणून जाऊ व्हय? तेवढंच राहिलतं."

"मग मी पेन ड्राइव्हवर आणून देते."

"जिन्यावरनं हातात द्यायचं आसतं तर त्यानं कवाच दिलं आसतं. शेअर केलंय म्हणलाय तो. त्याच्याकडनं मला जे यायचं ते तारेनंच येऊ द्या."

हट्टी माणसापुढं डोकं आपटून आपलंच कपाळ सुजतं. मी सोडून दिलं. दोन दिवस अण्णा त्या पाटीसमोर बसून होते. पाटी मिटवायचे, पुन्हा क्लिक करायचे. पुन्हा पाटी.

मग टेम्पो येऊन दारात उभा राहिला. गाद्या गेल्या, भांडी गेली. सून खाली येऊन पाया पडली आणि रडली. कॉम्प्युटर तेवढा बांधायचा राहिला होता. अण्णा एकाएकी उठले, जिन्याच्या तळाशी गेले आणि त्यांनी वर बघून हाक मारली. मुलाचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"पासवर्ड घाल."

वर पावलं थांबली. मुलगा जिन्याच्या डोक्यावर आला. "कशाला ऐकायचंय तुम्हाला ते?" आवाज चढलेला नव्हता. विनवल्यासारखा होता. "ऱ्हाऊ द्या की अण्णा."

"घाल म्हनतोय."

"काय घालू?"

"तुझ्या आईचं नाव."

मुलगा आत गेला. खाली मी अण्णांच्या यंत्रावर तेच नाव टाकलं आणि वरून फाईल खाली येऊ लागली. पाटी नाही, अडथळा नाही. इतके दिवस ज्यासाठी जीव खाल्ला, ते चहा गाळायला लागतो तेवढ्यात झालं. मी उठू लागले तर अण्णा म्हणाले, "बसा बाई. लावा."

चित्र हलत होतं. मागच्या ओट्यावर एक गोल चेहऱ्याची बाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. कॅमेऱ्याकडं बघून ती म्हणाली, "ठेव की ते. शेंगा सोलू लाग म्हणलं तर शूटिंग करायलास?" मुलाचं हसू ऐकू आलं. मग तिनं मान घराकडं वळवली आणि मोठ्यानं हाक मारली. "अवो! न्हाणीची कडी लई घट्ट झालीया. काल मला आतनं सरकंना झालती. बघा की जरा."

आणि आतून, लांबून, निवांत असा एक आवाज आला. अण्णांचाच.

"बघतो उद्या."

ती बाई कॅमेऱ्याकडं वळून हसली. "ह्यांचा उद्या कवा उजाडतोय कुणास ठाऊक," असं म्हणाली आणि चित्र थांबलं.

कडी का नव्हती, उद्या का नव्हता, सगळं एका दमात कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मागं बघितलं तर मुलगा जिन्याच्या अर्ध्यावर येऊन उभा होता.

"म्हणून देत नव्हतो," तो म्हणाला. "बायकोनं हट्ट धरला म्हणून शेअर केलं. पासवर्डाबिगर उघडणार न्हाई हे ठाऊक होतं मला. तुमच्या कानावर ते पुन्हा पडू नये म्हणून."

अण्णा पडद्याकडंच बघत होते. "मला म्हाईत होतं रे. मीच म्हणलतो, मी इसरंन व्हय?" मग चष्मा काढत, "तुला म्हाईत हाय हे तेवढं म्हाईत न्हवतं."

इतकी वर्षं मुलगा वर ते एकटाच जपून बसला होता आणि अण्णा खाली. स्क्रूवरून भांडले होते, कारण स्क्रूवरून भांडता येत होतं. मला वाटलं, आता हा खाली उतरेल, बापाजवळ बसेल. तो उतरला नाही. त्याच पायरीवर बसला आणि तोंडावरून हात फिरवला. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"बाई," अण्णा म्हणाले, "पुन्यांदा लावा."

मुलगा गेला. जाताना कॉम्प्युटरचा खोका दारातून काढायला त्यानं ती वीट पायानं बाजूला केली आणि खोका ठेवून परत येऊन ती जागेवर लावली. बापाकडं बघून "येतो" म्हणाला. अण्णांनी मान हलवली. पुण्याहून सुनेचे फोन यायचे. मुलगाही मधूनमधून बोलायचा, पण बोलायचं काय ते दोघांनाही सुचायचं नाही. "टोन चांगला हाय ना तिकडं?" अण्णा विचारायचे.

खालच्या यंत्रालाही त्यांनी माझ्याकडून तोच पासवर्ड घालून घेतला. कड्या काढणारा तो माणूस रोज सकाळी एका बोटानं बायकोचं नाव टाइप करून ते यंत्र उघडायचा. अण्णा शूटिंग लावायचे. मग नेटवर्क उघडून वरच्या यंत्राचं नाव शोधायचे. मी किती वेळा सांगितलं, अण्णा, वर आता कुणी नाही, ते यंत्र पुण्याला गेलं. "व्हय," म्हणायचे आणि शोधत राहायचे. झरोक्यातली केबल तशीच वर गेलेली होती. ती काढायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

त्या घरातली माझी शेवटशेवटची एक सकाळ. मला क्लासला उशीर झाला होता. उंबऱ्याबाहेर उभं राहून अण्णा म्हणाले, "बाई, वरचं दिसंना झालंय. तार बघा की जरा."

कुत्र्याला उठवून मी चपला ओढून घेत होते. घाईत बोलून गेले, "बघते उद्या."

बोलले आणि जीभ चावली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्यापुढं धरला.

"उद्या नगं बाई. आत्ता बघा."

मी चपला काढल्या. स्क्रूड्रायव्हर घेऊन जिना चढले. रिकाम्या खोलीत धुळीत केबलचं टोक पडलं होतं. पलीकडं काहीच नव्हतं. मी ते टोक उचललं, पदरानं पुसलं आणि हातात धरून बसले.

खालून हाक आली, "बाई, हाव का? टोन हाय का?"

"हाय अण्णा," मी म्हणाले. "टोन हाय."